पिलाजीचे सांधे आणि साळूचे लाडू

एका जंगलात एक म्हातारा कुत्रा राहत होता. कुठल्या जंगलात ते विचारू नका मुलांनो. नाव घेतलं की तिथल्या मंडळींच्या भावना दुखावतात.

कुत्र्याचं नाव पिलाजी. नाव ठेवलं तेव्हा तो पिल्लू होता. मग मोठा झाला, मग म्हातारा झाला, पण नाव बदलायचं कुणाला सुचलं नाही.

जंगलात कुत्र्याचं काय काम, असं तुम्ही म्हणणारच. मधे बोलू नका, सांगते. धनगरांच्या कळपाबरोबर तो आला होता. कळप पुढे गेला. पिलाजीला इथलं पाणी मानवलं, तो मागे राहिला. फुकट कुणाचं खायचं नाही, ही कळपातली शिस्त त्याच्या अंगात होती. म्हणून त्याने जंगलाची राखण पत्करली.

जंगलाच्या कडेला एक उंच काळा खडक होता. त्यावर चढून बसलं की सागाची झाडी, नाल्याचं वळण, पलीकडचं माळरान, सगळं एका नजरेत येई. लाकूडतोडे आले की पिलाजी तिकडे तोंड करून भुंके. मग माकडं दगड घेऊन धावत, मधमाश्या उठत, लाकूडतोडे कुऱ्हाडी टाकून पळत. पहाटेचा पहिला वारा खडकावर येई. तो नाकात भरून घेताना पिलाजीला वाटे, आपल्याला दुसरं काही नको.

पण अंगाला वय झालं की ते आधी सांध्यांत जाऊन बसतं. पिलाजीचे मागचे पाय आखडायला लागले. सकाळी उठायचं म्हणजे आधी पुढचे पाय, मग विचार, मग मागचे पाय. बसायचं म्हणजे आधी जागा निवडायची, मग तिच्याभोवती फिरायचं, मग देवाचं नाव घेऊन अंग सोडून द्यायचं. खडकावर उडी मारणं तर राहूनच गेलं. तो खाली बसून अंदाजाने भुंकायला लागला.

अंदाज एकदा चुकला. पिलाजी नाल्याकडे तोंड करून भुंकत राहिला आणि लाकूडतोड्यांनी मागच्या अंगाने सागाची चांगली जाड झाडं नेली.

मग सभा भरली. जंगलात काही गेलं की आधी सभा भरते, मुलांनो. गेलेलं परत येत नाही, पण सभा होते.

सभेचे धनी वाघोबा महाराज. पूर्वी महाराज त्याच खडकावर चढून बोलत. हल्ली ते खालीच उभे राहत. राजाने जनतेत मिसळावं, असं त्यांचं म्हणणं होतं. महाराज किती साधे, म्हणून सगळे डोळे पुसत.

महाराजांनी निवाडा दिला. पावसाळा संपल्यावर मोठी सभा भरेल. त्या सभेत राखणदाराने सर्वांसमक्ष खडकावर चढून दाखवावं. चढला तर राखण त्याची. नाही चढला तर त्याला शाल आणि हार देऊन मानाच्या कोपऱ्यात पाठवावं.

मानाचा कोपरा नाल्याच्या पलीकडे होता. तिथे म्हाताऱ्या जनावरांना मानाने ठेवत. तिथे गेलेल्याचं पुढे काय होतं ते कुणी विचारत नसे. मान दिलेला असला की विचारपूस करावी लागत नाही, ही मानाची मोठी सोय आहे.

पिलाजीच्या जागेवर डोळा होता हसमुखराव तरसाचा. तो महाराजांच्या मर्जीतला. काम काही येत नव्हतं, पण त्याला कायम हसू येई, त्यामुळे त्याचा स्वभाव चांगला आहे असा बोलबाला होता.

पिलाजी त्या दिवशी जेवला नाही. खडकाच्या पायथ्याशी मान टाकून पडून राहिला.

तर जंगलाला दया आली. दया आली की थांबत नाही, पसरते. कोल्हेसाहेबांनी लगोलग समिती काढली. नाव ठेवलं श्वान सांधे सुधार समिती. अध्यक्ष कोल्हेसाहेब, बाकीचे सगळे सदस्य. पिलाजीला कुणी घेतलं नाही, कारण तो विषय होता.

आणि भेटायला रीघ लागली. आता त्या जंगलाची एक रीत होती. दुखणाइताला भेटायला रिकाम्या हाताने जायचं नाही. अस्वल मधाचं पोळं घेऊन आलं. हरणीने मोहाचे लाडू वळून आणले. रानडुकराने कंद आणले. कोल्हेसाहेबांनी नळीचं हाड आणलं, ते कुणाचं होतं ते सांगितलं नाही. पाणमांजर येताना मासे आणी. समोर बसून सगळे म्हणत, खा, तुझ्यात ताकद आली पाहिजे. पिलाजी भिडस्त. नको म्हटलं तर त्यांना काय वाटेल, म्हणून खाई. शिवाय लाडू बरे होते.

खाण्याबरोबर सल्लाही येई. अजगरबुवा म्हणाले, सांध्यांना विश्रांती हवी, अजिबात हलू नकोस, माझ्याकडे बघ. सशाने सांगितलं की दुखणं अंगातून काढायचं तर उतारावरून पळत सुटायचं. बगळेगुरुजींनी नाल्याकाठी शिबिरच घेतलं आणि पिलाजीला एका पायावर उभं केलं. तो पडला. गुरुजी म्हणाले, श्रद्धा कमी पडली.

समितीने त्याच्यासाठी खास जागाही मिळवली. नाल्यापलीकडची, झऱ्याजवळची गुहा. आत सदा गारवा, खाली पाण्याने घासून गुळगुळीत झालेली शिळा. उद्घाटनाला वेल कापली. भाषणांत सगळ्यांनी सांगितलं की अशी जागा महाराजांनाही नाही. पिलाजी आत गेला, त्याचे पाय चारही दिशांना घसरले आणि तो पोटावर आपटला. बाहेर टाळ्या वाजत होत्या.

थोड्याच दिवसांत पिलाजी पिंपासारखा झाला. आधी ते पाय एका कुत्र्याचं वजन पेलत होते, आता दीड कुत्र्याचं पेलायला लागले. गारव्याने सांधे आणखी धरले. तो रात्रंदिवस कण्हायला लागला. कण्हणं ऐकून भेटायला आणखी मंडळी आली. येताना आणखी लाडू आले.

आता या गुहेच्या शेजारी साळू राहत होती.

साळू म्हणजे अंगावर काट्यांचा भारा घेऊन फिरणारी साळिंदर. वयाने पिलाजीच्या बरोबरीची, तोंडाने त्याच्या पुढे. जंगलात तिच्याबद्दल कुणी चांगलं बोलत नसे आणि तिला त्याचं काही वाटत नसे. ती रात्री हिंडायची आणि दिवसा झोपायची. म्हणजे झोपायचा प्रयत्न करायची, कारण शेजारी पिलाजी कण्हत होता.

एका सकाळी ती काटे फुलवून गुहेच्या तोंडाशी आली.

"काय रे म्हाताऱ्या, तुझं हे भजन कधी संपणार?"

"सांधे दुखतात, साळूबाई."

"माझेही दुखतात. मी गावभर गाणं म्हणत नाही."

मग तिची नजर लाडवांवर गेली. ती आत शिरली आणि पिलाजीच्या देखत खायला बसली. लाडू खाल्ले, पोळं चाटलं, कंद संपवले. साळिंदरांना हाडं कुरतडायची आवड असते, तिने नळीसुद्धा सोडली नाही. मासे मात्र पायाने बाजूला सारले. तिला माशांचा वास सोसवत नसे.

पिलाजी बघतच राहिला. "ते माझ्यासाठी आणलं होतं," तो म्हणाला.

"होतं ना," साळू म्हणाली. "मासे आहेत की तुला. त्यांना तोंड लावायला मी काही आजारी नाही."

त्या दिवसापासून हाच शिरस्ता झाला. साळू पहाटे झोपायच्या आधी यायची आणि संध्याकाळी उठल्यावर यायची. आलेलं सगळं चट्टामट्टा करायची. पिलाजीला उरायचे मासे. बरं, खाऊन गप्प जावं की नाही. एकदा तिने गुहेत पाठ केली, काटे उभे केले आणि उलटी चालत आत शिरली. उलट्या चालत येणाऱ्या साळूपुढे वाघही थांबत नाही, तिथे पिलाजीची काय कथा. तो सरकत सरकत बाहेर आला.

"ही जागा मला हवी," आतून आवाज आला. "अंधार आहे, झोप चांगली लागेल. तू कुठेही जा."

पिलाजी रडवेला झाला. समितीकडे तक्रार करावी म्हणून निघाला, पण समिती त्या दिवशी दुसऱ्या समितीकडे पाहुणी गेली होती. शेवटी तो खडकाच्या पायथ्याशी आला. तिथे एक खळगा होता. वाऱ्याने त्यात पळसाची सुकी पानं आणून टाकली होती. उन्हाने ती तापली होती. दुसरीकडे जायचं त्राण नव्हतं, म्हणून पिलाजी त्यात पडला. पानं त्याच्या अंगाखाली दबली आणि ऊब पाठीपासून शेपटीपर्यंत गेली. त्याला झोप कधी लागली ते कळलं नाही.

साळूलाही गुहा मानवली नाही. ओलीने तिचेही खुबे धरले. शिवाय लाडू आता गुहेत येईनात, खळग्यापाशी येऊ लागले. तिने शिव्या घातल्या आणि थेट खडकाखाली बीळ खणायला घेतलं. लाडवांजवळ राहायचं तर खणायला पाहिजे. रोज खणायची आणि माती मागच्या बाजूला फेकायची. त्या बाजूला खडकाला टेकून मातीचा ढीग वाढू लागला.

बीळ होईपर्यंत ती लाडू पळसाच्या पानात धरून नाल्यापलीकडच्या आपल्या जुन्या बिळात घेऊन जायची. आपला खाऊ आपल्या डोळ्यांदेखत जातो, हे पिलाजीच्या जिवाला लागे. तो उठायचा आणि तिच्या मागे निघायचा. साळू हळू चाले, पिलाजी त्याहून हळू. कोण कुणाचा पाठलाग करतंय ते बघणाऱ्याला कळत नसे. तो तिथे पोचेपर्यंत लाडू संपलेले असत. मग तो तिला दोन शब्द सुनवायचा, ती त्याला चार सुनवायची, आणि तो परत यायचा. पहाटे एकदा, सांजेला एकदा. रोज.

जंगलात बभ्रा झाला. दुखणाइताच्या तोंडचा घास काढते, म्हाताऱ्याला घरातून बाहेर काढते, बिचाऱ्याला दारोदार चालायला लावते. हरणीने साळूशी बोलणं टाकलं. साळूला ते चार दिवसांनी कळलं, कारण हरणी आपल्याशी बोलत होती हेच तिच्या लक्षात नव्हतं.

कोल्हेसाहेबांनी निषेधाचा ठराव मांडला. एकमताने पास झाला. पिलाजीच्या वाट्याला लाडू दुप्पट पाठवायचं ठरलं. साळूला तो ठराव फार आवडला.

अशात एका संध्याकाळी साळू तणतणत बिळातून वर आली.

"आज का नाही कण्हलास? सूर्य बुडून गेला. तुझ्या कण्हण्यावर मी उठते, माहीत नाही?"

पिलाजी गोंधळला. तो मगाशी उठून पाणी पिऊन आला होता. आठवायला लागला की उठताना काय झालं. आधी पुढचे पाय. मग मागचे पाय. मधला विचार करायचा राहूनच गेला होता.

त्याने मान वळवून स्वतःकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी त्याला आपल्या बरगड्या दिसल्या. सांधे काही नवे झाले नव्हते. गार पहाटे अजून कुरकुरत, कधी एखाद्या दिवशी मागचा डावा पाय संपावर जाई. पण आता ते दीड कुत्र्याचं ओझं वाहत नव्हते, ऊब खात होते, आणि रोज थोडंथोडं चालून त्यांना आपण पाय असल्याची आठवण राहत होती.

"साळूबाई," तो म्हणाला, "मला वाटतं मला बरं वाटतंय."

"मग माझे लाडू बंद होणार," साळू म्हणाली आणि काळजीत पडली.

पावसाळा संपला. मोठ्या सभेचा दिवस उजाडला.

सगळं जंगल खडकापुढे जमलं. निकाल काय लागणार ते ठाऊक असल्यामुळे समितीने तयारी पूर्ण केली होती. पिलाजीच्या गळ्यात आधीच हार घातला. अंगावर शाल टाकली. हसमुखराव तरस आयाळ विंचरून खडकाला टेकून उभा होता आणि हसत होता.

कोल्हेसाहेब बोलायला उभे राहिले. पिलाजींनी आयुष्यभर राखण केली. पिलाजी आता थकले. पिलाजींनी मानाच्या कोपऱ्यात विश्रांती घ्यावी, अशी खुद्द पिलाजींचीच इच्छा आहे. पिलाजीला ही इच्छा पहिल्यांदाच कळत होती. बगळेगुरुजींनी डोळे मिटले. अस्वल हुंदके देऊ लागलं. जिवंतपणी आपल्यावर असं बोललं जातंय हे ऐकून पिलाजीच्या मानेवरचे केस उभे राहिले.

पलीकडे मानाचा कोपरा दिसत होता. तिथे एक म्हातारं गिधाड शाल पांघरून बसलं होतं. कुणीतरी येईल म्हणून ते नाल्याकडे बघत होतं.

पिलाजी उठला. भाषण चालूच होतं. तो खडकाला वळसा घालून मागे गेला. मंडळींना वाटलं, बिचारा एकट्याने रडायला गेला असेल. कुणी पाहिलं नाही, कारण सभ्य लोक अशा वेळी पाहत नाहीत.

मागे साळूच्या मातीचा ढीग होता. रोज टाकून टाकून तो पार खडकाच्या माथ्याला भिडला होता. पावसाने बसला होता, वर गवत आलं होतं. उभी चढण कुठे नाही, उडी कुठे नाही. पिलाजीने त्यावर एक पाय ठेवला. मग दुसरा. मागचा डावा जरा कुरकुरला. पिलाजी थांबला, त्याची समजूत घातली, पुढे निघाला.

कोल्हेसाहेब म्हणत होते, "आणि आता तो खडक पिलाजींना पुन्हा कधीही..."

वरून भुंकण्याचा आवाज आला.

सगळ्यांनी माना वर केल्या. खडकाच्या माथ्यावर पिलाजी उभा होता. गळ्यात हार, अंगावरची शाल एका बाजूला लोंबत होती. तो सभेकडे बघत नव्हता. वारा नाकात भरून तो सागाच्या झाडीकडे तोंड करून भुंकत होता, थांबतच नव्हता. सगळं जंगल सभेला बसलंय हे लाकूडतोड्यांना कुणी सांगावं लागत नाही. ते आरामात बिड्या ओढत झाडं मोजत होते.

महाराजांनी हसमुखरावाकडे पाहिलं. तो खडकाला टेकून त्याच दिशेला तोंड करून उभा होता.

"तुला दिसलं नाही?" महाराजांनी विचारलं.

हसमुखराव हसला. बराच वेळ हसला.

तोवर माकडं धावली, मधमाश्या उठल्या. लाकूडतोडे कुऱ्हाडी टाकून पळाले, एकाची बिडी तोंडातच राहिली.

धूळ बसल्यावर कोल्हेसाहेबांनी घसा साफ केला. ते म्हणाले की आनंद आहे, परंतु चढायची रीत पुढून उडी मारून आहे. मागून चालत गेलं तर ते चढणं धरावं का, यासाठी उपसमिती नेमावी.

पिलाजीने वरून खाली पाहिलं. एवढ्या वर्षांत तो सभेत कधी बोलला नव्हता.

"महाराज," तो म्हणाला, "लाकूडतोड्याला कळत नाही कुत्रा कुठून चढला. त्याला भुंकणं ऐकू येतं."

महाराज चालत खडकाच्या मागे गेले. मातीचा उतार बघितला. पंजाने दाबून बघितला. इकडे तिकडे पाहिलं. मग परत येऊन गंभीर आवाजात म्हणाले की उतार उत्तम आहे, राखण पिलाजीची, सभा संपली, सगळ्यांनी लवकर घरी जावं.

सगळे गेले. महाराज गेले नाहीत. थोड्या वेळाने पिलाजीला मागून धापा ऐकू आल्या. महाराज उतारावरून वर येत होते. पुढचा पाय, मग विचार, मग मागचा पाय.

दोघं खडकावर शेजारी बसले. महाराज माळाकडे बघत होते.

"तुझे मागचे का?" त्यांनी हळूच विचारलं.

"मागचे, महाराज."

"माझे चारही," महाराज म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून महाराज पुन्हा खडकावरून बोलू लागले. जनतेत मिसळून झालं होतं. उताराला त्यांचं नाव दिलं. कोल्हेसाहेबांनी सांगितलं की ही योजना समितीच्या विचारात पहिल्यापासून होती. सशाने वेल कापून उद्घाटन केलं. साळूवर मात्र विनापरवाना खोदकाम आणि दुखणाइताचा खाऊ खाणे असे दोन ठपके आले. तिला बोलावून कडक समज दिली. समज देत होते ती दुपार होती. साळू उभ्याउभ्या झोपली होती.

पिलाजी बरा झाला म्हटल्यावर त्याच्याकडे कुणी फिरकेनासं झालं. लाडू बंद झाले, मधाची पोळी बंद झाली. पाणमांजर तेवढं वाटेवर म्हणून मासा टाकून जाई.

एका संध्याकाळी साळू उतारावरून वर आली आणि पिलाजीच्या शेजारी बसली. काटे त्याला लागू नयेत इतकी लांब बसली, पण त्याहून लांब नाही.

"काय रे म्हाताऱ्या, तुझं बरं होणं माझ्या पोटावर आलं."

"मग काय करू, साळूबाई?"

"फार काही नको. अधूनमधून जरा लंगडत जा. अस्वल दिसलं की कण्ह थोडं. हरणी तिकडून येताना खाली बस आणि उठू नकोस पटकन. एवढं शेजारधर्माला जागशील की नाही?"

पिलाजीने विचार केला. आयुष्यभर तो खरं भुंकला होता. मग त्याने साळूकडे पाहिलं, आणि खाली मातीच्या उताराकडे पाहिलं.

सकाळी हरणी पाणवठ्याकडून येताना दिसली. पिलाजी खडकावरून खाली आला, तिच्यापुढे जाऊन डावा पाय उचलला आणि इतकं कण्हला की बिळात साळूला जाग आली. दुपारपर्यंत मोहाचे लाडू आले. ताजे, गूळ जास्त घातलेले.

पिलाजीने त्यातला एक ठेवून घेतला. बाकीचे पळसाच्या पानात बांधले आणि साळूच्या बिळाच्या तोंडाशी नेऊन ठेवले. मग सांजेला दोघं नेहमीसारखे नाल्यापर्यंत चालत गेले, भांडत. जाताना त्यांनी मानाच्या कोपऱ्यातल्या गिधाडालाही हाक मारली. ते शाल टाकून त्यांच्या मागे आलं. तेही चालताना कुरकुरत होतं. साळूने त्यालाही शिव्या घातल्या. त्याला बरं वाटलं.

तात्पर्य: म्हाताऱ्यांना दुखण्यापेक्षा मायाळू लोकांपासून जास्त जपावं. भेटायला जायचंच असेल तर रिकाम्या हाताने जावं, आणि निघताना त्यांच्या पुढ्यातलं थोडं खाऊन यावं. आणि मुलांनो, शेजारीण निवडायची वेळ आली तर चांगली निवडू नका, खादाड निवडा.